बॉल जातच होता

माझी बायको भारताकडून सर्वांत जास्त गोल केलेली बाई आहे. हे कुणाला सांगितलं की तो आधी माझ्याकडे बघतो आणि मग दुकानाच्या पाटीकडे. पाटीवर नुसतं ‘चष्मे’ लिहिलेलं आहे, त्यामुळे त्याला काही मदत होत नाही. मग तो विचारतो, “म्हणजे हॉकीत का?” आकडा मी सांगत नाही. सांगितला की लोक लगेच पुरुषांचा किती ते विचारतात, आणि तिथून पुढे बोलणं जिथे जातं तिथे मला जायचं नसतं.

मला स्वतःला फुटबॉल आवडत नाही. लग्न ठरताना मी हे स्पष्ट सांगितलं होतं. ती म्हणाली, “मला चष्मे आवडत नाहीत.” दोन्हीकडच्या मोठ्यांनी याचा अर्थ पसंती असा लावला आणि मिठाई फिरवली. आमचं घर आणि दुकान अब्बांच्या वेळेपासून येरवड्यात आहे. घरी आम्ही दखनी बोलतो, भांडतो मात्र मराठीत. मराठीत नवऱ्याला ‘अहो’ म्हणून पुढे काहीही ऐकवता येतं. बायको पुण्यातच वाढलेली असल्यामुळे या सोयीचा तिने पुरेपूर फायदा घेतलेला आहे.

ती खेळत होती तोवर तिच्या मॅच टीव्हीवर लागत नसत. कुठल्यातरी परदेशातल्या हॉटेलातून रात्री फोन यायचा. कसं झालं, असं मी विचारायचो. जिंकलो, म्हणायची. तू किती, असं विचारलं की दोन किंवा तीन म्हणायची आणि मग पाण्याचा टँकर आला का ते विचारायची. परत आली की कुणीतरी सत्कार करायचं. घरात सत्काराच्या शालींचं एक वेगळं कपाट आहे. त्यातली एकही शाल पुण्याच्या थंडीला पुरत नाही, कारण ती अंगावर घालायची नसतेच, फोटोपुरती खांद्यावर ठेवायची असते.

गोल झाल्यावर ती नाचायची नाही, हात पसरून धावायची नाही. बॉल जाळीत गेला की पाठ फिरवायची आणि मैदानाच्या मध्याकडे चालायला लागायची. एका पत्रकाराने याचं कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “पुढचा खेळ तिथूनच सुरू होतो.” त्याने यात मोठं तत्त्वज्ञान पाहिलं आणि तसं छापलं. मी तिच्यासोबत राहतो. तिच्या बोलण्यात तत्त्वज्ञान नसतं.

गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर ती थांबली आणि आमच्या भागातल्या मुलींच्या संघाची कोच झाली. एवढे गोल केलेत म्हणजे गोल करायला शिकवता येईल, असा सगळ्यांचा समज होता. तिचाही होता. पहिल्या आठवड्यातच मी मैदानावर डबा द्यायला गेलो तेव्हा पुढचा संवाद चालू होता.

“बॉल आला की तू तिथे पाहिजेस,” बायको एका मुलीला सांगत होती.

“कुठे, मॅडम?”

“जिथे बॉल येणार आहे तिथे.”

“कुठे येणार आहे?”

“अगं, तिथेच.”

मुलगी मान हलवून गेली. बायकोने माझ्याकडे समाधानाने पाहिलं. मी डबा दिला आणि दुकानात परत आलो.

प्रश्न विचारणारी ती मुलगी संघाची स्ट्रायकर. कुटुंब यवतमाळकडचं, वडील चाकणला कारखान्यात कंत्राटावर, राहायला आमच्याच मागच्या वस्तीत. अकरावीत होती. तिच्याइतकं जोरात धावणारं मी माणसांत कुणी पाहिलेलं नाही. पण तिची एक खोड होती. गोलसमोर बॉल मिळाला की मारण्याआधी ती मान वळवून माझ्या बायकोकडे बघायची. तिला खरोखर वाटायचं की ‘तिथे’ म्हणजे कुठे ते मॅडमच्या चेहऱ्यावर दिसेल. तेवढ्या वेळात समोरच्या संघाची बॅक, म्हणजे मागे राहून अडवणारी, येऊन बॉल काढून न्यायची. बायको ओरडायची, “माझ्याकडे काय बघतेस? मी काय गोलात उभी आहे?” मुलगी माफी मागायची आणि पुढच्या वेळी पुन्हा बघायची. मॅचमध्ये तिचा गोल होत नव्हता. सरावात, मॅडम पाणी प्यायला गेल्या की, धडाधड व्हायचे.

फेब्रुवारीत तिचे वडील दुकानात आले. जवळचं वाचायचा चष्मा हवा होता. तपासताना म्हणाले, “आता गावाले जाच लागते जी. कंत्राट सरलं. पोरीची परीक्षा झाली की निघतो.” मी म्हटलं, मुलीचं काय? ते म्हणाले, “पोरगी नाही म्हणते. जेवत नाही दोन दिवस झाले. पण एकटी पोर कुठं ठेवू, सांगा.”

हे मी रात्री बायकोला सांगितलं. तिला आधीच माहीत होतं. खडकवासल्याच्या रस्त्याला मुलींचं एक क्रीडा वसतिगृह आहे. राहणं, जेवण, कॉलेज, सगळं तिथेच. बाकीच्या मुलींच्या गोलांवर आमचा संघ स्पर्धेच्या फायनलला पोचला होता आणि तिथले सर ती बघायला येणार होते, कारण त्यांना पुढच्या वर्षासाठी मुली हव्या होत्या. बायको वडिलांकडे जाऊन बोलून आली होती. त्यांनी एकच अट घातली होती. तिथं घेतलं तर राहू द्या, नाहीतर आमच्यासोबत गावाला. गावी गेल्यावर फुटबॉलचं काय होणार हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

“एक गोल,” बायको म्हणाली. “त्या माणसासमोर तिने एक गोल केला पाहिजे, बस.”

त्यानंतर आमच्या घरात ताटावर बसलं की मीठदाणी स्ट्रायकर व्हायची आणि वाट्या बॅक व्हायच्या. लिंबाची फोड बॉल होती. मला आमटी मिळायला उशीर व्हायचा. बायको लिंबाची फोड घेऊन विचारात पडायची आणि मग ती स्वतःच बोटाने ढकलून वाटीच्या पलीकडे पाठवायची. मीठदाणीला काही काम उरायचं नाही. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पण आमटी गार होत होती.

फायनल वारज्याला होती, मुलींच्या परीक्षा संपल्यानंतरच्या रविवारी. मी दुकान बंद ठेवून गेलो आणि एका बाजूच्या गोलामागे पायऱ्या होत्या तिथे सावली बघून बसलो. वसतिगृहाचे सर टोपी घालून चार पायऱ्या खाली बसले होते. मॅचआधी रेफ्रीने बायकोसोबत फोटो काढून घेतला. तरुण पोरगा होता, त्याच्या बहिणीला दाखवायचा होता म्हणे.

कोचने बाकाजवळ आखलेल्या चौकोनात उभं राहायचं असतं. बायको तिथे उभी राहिली, खेळ सुरू होईपर्यंत. मग बॉल पुढे गेला की तीही रेषेबाहेरून पुढे जायची. रेफ्री येऊन म्हणायचा, “मॅडम, प्लीज मागे.” ती म्हणायची, “हो हो, चुकलं,” आणि खरंच मागे जायची, पुन्हा बॉल पुढे जाईपर्यंत. तिच्याकडून हे मुद्दाम होत नव्हतं. बॉलमागे सरकणं हे तिच्या पायांचं आपलं आपण चालू असायचं. दुसऱ्या हाफमध्ये तर ती कोपऱ्याच्या झेंड्यापर्यंत आली, तिथून वळली आणि गोलरेषेमागे आली. म्हणजे माझ्या अगदी समोर, पाठमोरी.

गोल कुणाचाच झालेला नव्हता. वेळ संपत आली होती. सर एकदा घड्याळ बघत होते आणि एकदा आकाश. तेवढ्यात आमच्या स्ट्रायकरला उजवीकडून बॉल मिळाला. ती दोघींना मागे टाकून आत आली. गोलकीपर पुढे धावली. मी मनात म्हटलं, आता ही बाकाकडे बघणार.

तिने बाकाकडे पाहिलं. बाकाजवळ मॅडम नव्हत्या. मग तिला दुसरं काही करता येईना, तिने मारला.

बॉल गोलकीपरच्या बाजूने निघाला. फार जोर नव्हता, पण रिकाम्या गोलात लांबच्या खांबाच्या आतल्या बाजूने सरळ चालला होता. त्याला अडवायला जवळपास कुणीही नव्हतं. मला फुटबॉलमधलं कळत नाही, पण माझे डोळे चांगले आहेत. त्या लांबच्या खांबापाशी माझी बायको उभी होती. तिने रेषा ओलांडून एक पाऊल आत टाकलं आणि उजव्या पायाच्या आतल्या बाजूने, अगदी हलक्या हाताने म्हणतात तसं, बॉल जाळीत ढकलला.

मग ती वळली आणि मैदानाच्या मध्याकडे चालायला लागली.

दोन्ही संघांच्या मुली उभ्या होत्या आणि ती त्यांच्यामधून, मान खाली घालून, नेहमीच्या चालीने जात होती. मध्यापर्यंतचं अर्ध्याहून जास्त अंतर चालून झाल्यावर तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पायांत चपला होत्या. ती थांबली.

रेफ्रीने शिट्टी वाजवली. नियम असा आहे की बॉल जातच असताना बाहेरच्या कुणाचा पाय लागला तरी गोल देता येतो, पण तो पाय गोल करणाऱ्यांच्याच बाजूचा असेल तर नाही देता येत. गोल रद्द झाला. समोरच्यांना फ्री किक मिळाली. रेफ्रीने लाल कार्ड काढलं तेव्हा त्याचाच चेहरा पडलेला होता. “सॉरी मॅडम,” तो म्हणाला. “बरोबर आहे तुमचं,” बायको म्हणाली आणि मैदानाबाहेर गेली. एवढ्या वर्षांच्या खेळात तिला कधी लाल कार्ड मिळालेलं नव्हतं.

मुलगी तिथेच उभी होती. बायको जवळून गेली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बॉल जात होता, मॅडम.”

पुढचं थोडक्यात सांगतो. मॅच बरोबरीत सुटली, पेनल्टी झाल्या, आम्ही हरलो. मुलीने मारलेली पेनल्टी गोलकीपरच्या नडगीला लागली. बायकोने हे फाटकाबाहेर चहाच्या टपरीच्या बाकड्यावर उभी राहून पाहिलं. टपरीवाल्याने तिला उतरायला सांगितलं नाही, फक्त बाकडं हलतं आहे एवढं कळवलं. वसतिगृहाचे सर पेनल्टीच्या आधीच निघून गेले होते. रविवार संध्याकाळचा पुलावरचा ट्रॅफिक त्यांना टाळायचा होता.

घरी आल्यावर ती बराच वेळ हात धुवत राहिली. मग मला विचारलं, “अहो, खरं सांगा. तो जात होता का?”

तेव्हा खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, “जात होता.”

“नक्की?”

“नक्की. कुणीही काहीही केलं नसतं तरी गेला असता.”

ती खुर्चीत बसली. “मी गेले नाही हो त्याच्याकडे,” ती म्हणाली. “तो माझ्याकडे आला. खेळायचं थांबवल्यापासून माझ्याकडे कुणी बॉल दिलाच नव्हता. सरावातही मुली एकमेकींना देतात. मी कोच आहे ना. आणि हा आला सरळ, जसा यायचा तसा. मला वाटलं, माझा आहे.”

मला फार वाईट वाटलं. तिचा सत्कार होताना मी पहिल्या रांगेत बसलेलो आहे, आणि ती थांबली तेव्हा मला बरंच वाटलं होतं, आता घरी असेल म्हणून. तिचं काय थांबलं हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी तिच्यासाठी चहा केला. साखर जास्त झाली. ती तो मुकाट्याने प्यायली, यावरून तिची अवस्था काय होती ते कळावं.

दुसऱ्या दिवशीपर्यंत व्हिडिओ सगळीकडे पोचला होता. कुणीतरी मोबाइलवर काढला होता आणि कुणीतरी तो सावकाश करून, खाली हसणारे चेहरे टाकून पुढे पाठवला होता. बायकोने देशासाठी केलेल्या बहुतेक गोलांचं कुठेही चित्रण नाही. पण हा रद्द झालेला गोल तिच्या मावशीनेसुद्धा नागपुरात बसून पाहिला. गिऱ्हाइकं दुकानात येऊन फ्रेम बघता बघता विचारायची, “तुम्ही होता ना तिथे? काय हो, जात होता का?” मी म्हणायचो, “तुमचा नंबर वाढलेला दिसतोय.”

मुलगी सरावाला आलीच नाही. वडिलांनी खोलीमालकाला सांगून टाकलं होतं.

मंगळवारी बायको म्हणाली, “मला खडकवासल्याला सोडा.” आयुष्यात तिने ‘मी कोण आहे’ हे कुणाला सांगितलेलं नाही. पासपोर्टच्या रांगेत नाही, दवाखान्यात नाही, सुसाट चाललेल्या स्कूटरला पोलिसाने थांबवलं तेव्हाही नाही, तेव्हा तर मी ‘सांग, सांग’ म्हणून तिच्या विनवण्या करत होतो. त्या दिवशी ती वसतिगृहाच्या सरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मी भारताकडून सर्वांत जास्त गोल केलेत.” हे बोलताना तिचे कान लाल झाले होते.

“मॅडम, तुम्हाला कोण ओळखत नाही,” सर म्हणाले. “व्हिडिओ मलाही आलाय.”

“त्या मुलीला एकदा बोलवा. एकदाच. तो गोल तिचा होता.”

सरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. शुक्रवारी सकाळी इतर मुलींची चाचणी होती, त्यात पाठवा म्हणाले. घेईनच असं नाही, हेही म्हणाले. बायकोने वाकून त्यांचे आभार मानले. मी दारात उभा होतो, मला ते बघवलं नाही, म्हणून स्कूटरपाशी गेलो.

तिथून आम्ही सरळ मुलीच्या घरी गेलो. सामान अर्धं बांधलेलं होतं. वडील म्हणाले, “शुक्रवार ना? थांबतो जी मग शुक्रवारपर्यंत.” मुलगी दाराला टेकून उभी होती. बायको तिला बूट, पाणी, कुठली बस, सगळं सांगायला लागली. मी सकाळी साडेसहाला रिक्षा घेऊन येते, म्हणाली.

“मॅडम, तुमी नका येऊ,” मुलगी म्हणाली.

वडील दटावायला लागले. बायकोने त्यांना हाताने थांबवलं. “का गं?”

“तुमी असल्या की मी तुमच्याकडं बघते,” मुलगी खाली बघत म्हणाली. “आन् तुमी बॉलकडं बघता.”

बायकोने पाकिटातून रिक्षाचे पैसे काढून वडिलांच्या हातात दिले आणि आम्ही निघालो. घरापर्यंत तिने स्कूटरवर मागून मला एकदाही ब्रेक दाबायला सांगितलं नाही. एरवी ती मागे बसून मला गाडी चालवायला शिकवते.

शुक्रवारी सकाळी ती माझ्याबरोबर दुकानात आली. मोबाइल घरी ठेवून आली होती, फोन करायचा मोह नको म्हणून. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. एक आजोबा नंबर तपासायला आले, त्यांना अक्षरं वाचायच्या आधीच हिने दोन ओळी सांगून टाकल्या. मी तिला फ्रेमा पुसायला दिल्या. पुसलेल्याच फ्रेमा ती पुन्हा पुसत राहिली. गोल केला नाही तर, असं ती मध्येच म्हणायची, आणि वाक्य तिथेच सोडून द्यायची. वाक्याचा पुढचा भाग मागच्या वस्तीत सामानासोबत बांधून ठेवलेला होता.

बारा वाजून गेल्यावर माझा फोन वाजला. मुलीच्या वडिलांचा नंबर होता, बोलत मुलगी होती. “काका, घेतलं,” ती म्हणाली. “मॅडम हाय का?”

मी फोन बायकोच्या हातात दिला.

“गोल केलास?” बायकोने विचारलं.

“नाही मॅडम.”

“मग?”

“त्यांच्याकडं बॅक कमी होती. मले बॅकला घेतलं.”

बॅक म्हणजे काय, हे आमच्या घरात मलाही माहीत आहे. तिचे दोन्ही गुडघे बॅकनी घालवले. झोपेत ती ज्यांना शिव्या देते त्या बॅक असतात. एवढी वर्षं जगभरच्या मैदानांवर जी जमात तिला अडवत आली, तिच्यात तिची स्ट्रायकर भरती झाली होती.

“पण राहतेस ना?” बायको म्हणाली. “पुण्यात?”

“हो. बाबा म्हणाले, राहा.”

“जेवलीस का?”

“जेवते आता.”

“मग झालं. जेव.”

तिने फोन मला परत दिला आणि हातातली फ्रेम पुसायला घेतली. फ्रेमला काच नव्हती. मी शटर अर्धं खाली ओढलं. काय बोलावं ते मला सुचेना, आणि मला सुचत नाही तेव्हा मी जे बोलू नये ते बोलतो. वसतिगृहाचा संघ आमच्याच स्पर्धेत खेळतो, ते मला आठवलं.

“म्हणजे पुढच्या वर्षी ती तुझ्याच मुलींना अडवणार,” मी म्हटलं.

“अडवू दे ना हो,” बायको म्हणाली आणि तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. “अडवू दे तिला.”